निळ्या झाकणाचे डबे

रविवारी दुपारच्या आत तिचे वीस डबे भरून व्हायचे. नोकरीवरून घरी यायला साडेसहा वाजत, आणि रोज बाहेरचं आणून खाणं परवडणारं नव्हतं. म्हणून शनिवारी बाजार उठता उठता उरलीसुरली स्वस्त भाजी आणायची, रविवारी मोठ्या पातेल्यांत सगळं एकदम शिजवायचं आणि एकेकाचं जेवण एकेका डब्यात भरून फ्रीझरमध्ये रचायचं. कुणाचं तरी वापरून झालेलं ते धूड मागच्या गॅलरीत दिवसभर घरघरत असे. पांढरी झाकणं तिची आणि नवऱ्याची, लाल चार वर्षांच्या मुलीची, म्हणजे चिमणीची, आणि निळी सासूबाईंची. प्रत्येक झाकणावर कागदी पट्टी आणि पट्टीवर वार.

निळ्या डब्यांचा व्याप वेगळा. सासूबाईंच्या तोंडात एकही दात नव्हता आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. त्यामुळे त्यांचं सगळं अळणी आणि घोटून घोटून मऊ. घास जिभेने डाव्या गालात सारायचा आणि तिथेच घोळवत बसायचं, अशी त्यांची रीत. जेवण झालं की डबा स्वतः धुऊन ओट्यामागच्या उंच खिडकीत पालथा घालायच्या आणि झाकण त्याला टेकवून उभं करायच्या. "आडवं ठेवलंस की पाणी आत राहतं गं," हे रोजचं.

त्या गेल्यानंतरचा हा तिसरा रविवार. आधीचे दोन आल्यागेल्यांत गेले होते. पातेली आज पहिल्यांदाच चढली होती. पंधरा डबे पुरे होते. पण हाताला वळण पडलेलं. शेवटची पट्टी चिकटवताना तिच्या लक्षात आलं, पाच निळे डबेही भरून तयार होते.

"टाकून दे," नवरा म्हणाला. मग स्वतःच वरमून म्हणाला, "नाही म्हणजे, कोण खाणार ते?"

"मी खाईन. शिजवलेलं अन्न असं फेकवत नाही मला."

"मीठ घालून खा मग. नाहीतर तूही आईसारखी सगळ्यांच्या ताटात डोकावायला लागशील."

ती हसली. डबे फ्रीझरमध्ये गेले.

सोमवारी ती कामावरून आली तेव्हा खिडकीत निळा डबा पालथा होता. धुतलेला. झाकण टेकवून उभं.

तिला वाटलं, शेजारच्या काकूंनी खाल्लं असेल. काकू दुपारी चिमणीला बालवाडीतून आणत, किल्लीने दार उघडत, लाल डबा गरम करून तिला भरवत. पण काकूंनी कानांवर हात ठेवले. "मी? अगं, अळणी जेवण मला औषधालाही नको." नवरा तर सकाळी जाई तो रात्रीच येई. चिमणीचा हात त्या खिडकीपर्यंत पोचत नव्हता.

मंगळवारी दुसरा. शुक्रवारपर्यंत पाचही.

ती शिकलेली होती, भुताखेतांवर विश्वास नव्हता. फक्त मनात पाल चुकचुकत राहिली. पुढच्या रविवारी तिने निळे डबे भरलेच नाहीत. रिकामे डबे माळ्यावर टाकले.

सोमवारी खिडकीत लाल डबा पालथा होता.

काकू म्हणाल्या, "आज भरायला विसरलीस वाटतं? आम्ही आलो तेव्हा धुऊनच ठेवला होता. मग मी पाव-दूध दिलं पोरीला."

आठवडाभर तेच. काकू आपल्या घरचं भरवत, संध्याकाळी ती स्वतः भरवे, पण पोरीच्या अंगी काही लागेना. चिमणीची हाडं हाताला लागू लागली. शनिवारी डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला आणि पुन्हा उभं केलं. "पोटात काही जातंय ना हिच्या?" त्यांनी विचारलं.

रविवारी तिने माळ्यावरून निळे डबे काढले. मसूर, भात, बटाटा, गाजर, सगळं अळणी घोटलं, पाच डबे भरले आणि फ्रीझरसमोर उभी राहून हळूच म्हणाली, "तुमचं तुम्ही घ्या, आई. तिचं तिला राहू द्या."

नवऱ्याने दारातून ऐकलं.

सोमवारपासून खिडकीत पुन्हा निळा डबा दिसू लागला. चिमणी बाळसं धरू लागली. महिन्याभरात वजन भरून आलं, गाल वर आले. डॉक्टर म्हणाले, "काय जादू केलीत?" तिने कानाला खडा लावला: निळ्या डब्यात कधी खंड पडू द्यायचा नाही. बाकी काही विचारायचं नाही. पोर शांत झाली होती, हट्ट करत नव्हती, पसारा करत नव्हती. काकू म्हणत, "मोठी झाली गं एकदम."

एका बुधवारी ऑफिसातली वीज गेली आणि सगळ्यांना दुपारीच घरी सोडलं.

ती आत आली तेव्हा चिमणी जेवत होती, पाठ ताठ करून, एकटीने. काकू समोर बसून भाजी निवडत होत्या. "आता भरवावं लागत नाही हो हिला," त्या कौतुकाने म्हणाल्या.

चिमणीने तिच्याकडे पाहिलं, पण धावत आली नाही. घास जिभेने डाव्या गालात सारला. घोळवत राहिली.

ती जवळ गेली. लाल डब्यात गाजराच्या चकत्या असायला हव्या होत्या. रविवारी तिनेच घातल्या होत्या. चिमणी चकतीचं मधलं पिवळं पुढच्या दातांनी कुरतडून खायची आणि बाहेरचं कडं ताटाच्या काठावर ठेवायची. त्यावरून किती ओरडा खाल्ला होता तिने.

डब्यात मऊ, घोटलेला गोळा होता.

तिने बोटाने चाटून पाहिला. मीठ नव्हतं.

झाकण शेजारीच होतं. लाल. पट्टीवर तिच्याच अक्षरात बुधवार.

"काय गं, काय झालं?" काकूंनी विचारलं.

ती स्वयंपाकघरात गेली. खिडकीत निळा डबा पालथा होता, झाकण टेकवून उभं. तिने डबा उचलला.

खाली गाजराचं एक कडं होतं. आतल्या बाजूने कुरतडलेलं, इवल्या इवल्या दातांच्या खुणांचं.

अजून कोमट होतं.