निळ्या पाठीच्या माश्या

"माशीच्या मागे पळू नकोस," ओढ्याकाठी उकिडवे बसलेले बाबा म्हणाले. "ती काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

थोरली थांबली. तिच्या पायात काटा मोडला होता आणि धाकटा भाऊ दात काढत होता.

"भर उन्हात मधमाशी पाणी पिते आणि सरळ घरी जाते. इथून बघ, कुठे गेली. मग पलीकडून बघ. दोन रेघा मिळतील तिथे पोळं."

"आणि नाहीच मिळाल्या तर?" आतेबहिणीने विचारलं. ती सुट्टीला आली की प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची, म्हणून वस्ती तिला वकील म्हणायची.

"तर तू केस लढव," बाबा म्हणाले.

परतताना त्यांनी थोरलीला सहज विचारलं, "शाळा झाल्यावर काय करणार गं? येशील माझ्याबरोबर मधाला?"

तिने खांदे उडवले. उत्तर तिला केव्हाच ठाऊक होतं. सांगायचं काय, उद्याही सांगता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी उंच झाडावर बाबांच्या पायाखालची फांदी मोडली.

पुढच्या सुट्टीत वकील आली, तेव्हा पोळ्यांखाली मेलेल्या माश्यांचा सडा पडत होता. रानाच्या कडेला रंगाचा कारखाना होता. त्याचे मॅनेजर वनअधिकारी बाईंना घेऊन वस्तीत आले.

"हे लोक मधासाठी धूर करतात, त्यानेच माश्या मरतात," ते म्हणाले. "यांना रस्त्याकडेच्या चाळीत हलवा. रान वाचेल."

कारखाना यायच्या कितीतरी आधीपासून, पणज्याच्याही पणज्यापासून ही माणसं त्या रानात राहत होती. बाबांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका, मान खाली घालून ऐकत राहिले.

"बाई उद्या दुपारी परत येणार आहेत," पाहुणे गेल्यावर ते म्हणाले. "हो म्हणून टाकतो. आपलं कोण ऐकतंय?"

"मी ऐकतेय," थोरली म्हणाली. "आणि मी नाही म्हणतेय."

"तोंड फार चालतं तुझं."

"बाबांचंही चालायचं."

काका उठून आत गेले.

"मोठे मामा वारल्यापासून इथे कुणी मध काढलेलाच नाही," वकील हळूच म्हणाली. "मग धूर कसला?"

"ओढाही साफ आहे," धाकटा म्हणाला. "मासे कसे टुणटुणीत आहेत. म्हणजे माश्या पाणी दुसरीकडेच पितात."

थोरली ताडकन उठली. "बाबा पाण्यावरून पोळं शोधायचे. आपण पोळ्यावरून पाणी शोधायचं."

"शोधलं तरी त्या माश्या आपल्याच रानातल्या, हे कसं सिद्ध करणार?" वकील अडली.

धाकट्याने खिशातून निळा खडू काढला.

"कुठून आणलास?"

"सापडला."

"कुठे?"

"शाळेत. बाईंच्या टेबलावर."

खडू दगडाने कुटला. झुडपांत दोन छोटी पोळी होती, गरीब, सहसा न डसणाऱ्या माश्यांची. बांबूच्या नळीतून थोरलीने दोन्हींवर निळी पूड हळूच फुंकली. मग ती एका पोळ्यापाशी थांबली, वकील दुसऱ्यापाशी. ऊन चढलं तशा माश्या पाण्याला निघाल्या. थोरलीला पळावंसं वाटलं. ती पळाली नाही. तिने नुसता हात लांब केला आणि रेघ धरली.

दोन्ही रेघा कारखान्याच्या मागच्या भिंतीपाशी मिळत होत्या.

तिथे तोडलेल्या फांद्यांचा ढीग होता. तो बाजूला सारला तर खाली जाड पाइप आणि हिरवट डबकं. काठाला मेलेल्या माश्यांचा थर होता. कितीतरी माश्यांची पाठ निळी होती.

"ए पोरांनो, कारखान्याची जागा आहे ही," भिंतीवरून पहारेकरी ओरडला.

"भिंत तुमची," थोरली म्हणाली. "बाहेरचं रान आमचं."

दुसऱ्या दिवशी काका 'हो' म्हणायला तोंड उघडणार, तोच ती मध्ये उभी राहिली. "बाई, हो-नाही मागाहून. आधी माझ्याबरोबर चला."

"पोरखेळ आहे हा," मॅनेजर म्हणाले.

"सुट्टीच आहे, खेळू द्या," बाई म्हणाल्या. "चला, तुम्हीही खेळा."

डबक्याशी पोचल्यावर मॅनेजर म्हणाले, "पावसाचं साचलेलं पाणी असेल. हा पाइप तर केव्हाचा बंद..."

पाइपने उचकी दिली. आज पाणी सोडू नका, हे आत सांगून ठेवायला ते विसरले होते. हिरवं पाणी भसकन आलं, थेट त्यांच्या बुटांवर.

"बंद पाइपाला जोर बराच आहे," वकील म्हणाली.

"या माश्या कुठल्याही असतील," मॅनेजर पाय झटकत राहिले.

धाकट्याने खडूचा उरलेला तुकडा पुढे केला. "काल आमच्या पोळ्यांवर याचीच पूड फुंकली होती." बाईंनी खाली वाकून एक निळी माशी तळहातावर घेतली आणि बराच वेळ पाहिली.

"हा पाइप आजच बंद होईल, माझ्यासमोर," त्या म्हणाल्या. "आणि ही वस्ती कुठेही जाणार नाही."

काकांनी थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला. "दादाचीच पोर," एवढंच ते म्हणाले.

"हुशार आहेस," बाई म्हणाल्या. "मोठेपणी काय करणार?"

थोरलीने पलीकडच्या, बाबा पडले होते त्या उंच झाडाकडे पाहिलं. मोडलेल्या फांदीच्या जागी नवा कोंब आला होता. तिने खांदे उडवले नाहीत.

"येणार, बाबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मी तुमच्याबरोबर मधालाच येणार होते. तेव्हाही."