केराची पट्टी

माझं काम झाडूवालीचं आहे, असं मी ओळख करून देताना सांगते. गाणारा गाऊन मोकळा होतो आणि मागे राहिलेला पसारा मी आवरते. खोकला, ओठांची चपचप, खुर्चीची कुरकुर, आणि सगळ्यात जास्त म्हणजे श्वास. रॅप करणारा माणूस दोन ओळींच्या मध्ये जो श्वास ओढतो ना, तो माइकसमोर फार मोठा ऐकू येतो. तो कापायचा आणि दोन्ही कडा अशा जोडायच्या की शिवण दिसता कामा नये. बावीस वर्षं हेच करतेय, माझी शिवण अजून कुणाला सापडलेली नाही.

एक सवय मात्र ज्यांच्याकडे शिकले त्यांनी लावली. कापलेलं काही फेकायचं नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रत्येक आवाजाची एक आडवी पट्टी असते. सगळ्यात खाली मी एक जास्तीची पट्टी ठेवते, तिला 'केर' म्हणते, आणि कापलेले सगळे तुकडे आवाज बंद करून तिथे टाकते. त्यांचा कधी काडीचा उपयोग झाला नाही, पण सवय ती सवय.

भोंगा माझा धाकटा भाऊ, चौदा वर्षांनी धाकटा. पाळण्यात असा रडायचा की अख्खी गल्ली जागी व्हायची, म्हणून भोंगा. तेच नाव घेऊन तो स्टेजवर उभा राहिला. वडील गेले तेव्हा तो तीन वर्षांचा होता, आणि आई कामावर जायची म्हणून माझ्याच कडेवर वाढला. त्याचा पहिला अल्बम दुसऱ्या कुणाच्या हातात देण्याचा प्रश्नच नव्हता. 'सरळ आत', बारा गाणी. टायरच्या दुकानावरच्या माझ्या खोलीत चार महिने रोज दुपारी आम्ही बसायचो. खाली हातोडा चालू झाला की थांबायचं, तो थांबला की सुरू करायचं.

'पायपुसणं' या गाण्याच्या शेवटी बत्तीस ओळींचं कडवं होतं. अशा ठिकाणी एखाद-दुसरा श्वास ठेवायचा असतो, ऐकणाऱ्यालाही कुठेतरी टेकायला जागा लागते. अल्बम काढणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, "एकही नको मॅडम, जमेल का?" जमेल का म्हणे! तिथेच नाही म्हणायला हवं होतं, पण मला खुमखुमी. मोजून एक्केचाळीस तुकडे कापले आणि केरात टाकले. बत्तीस ओळी सलग, कुठे फट नाही. भोंग्याने ऐकलं आणि माझ्या पाया पडायचं नाटक केलं.

गाणं बाहेर आलं आणि महिन्याभरात जिकडेतिकडे तेच. जिममध्ये, न्हाव्याच्या दुकानात, शाळेच्या बसमध्ये. पोरं फोनसमोर उभी राहून ते कडवं एका दमात म्हणायची पैज लावायची, तोंडं लाल व्हायची, विसाव्या ओळीशी सगळे गारद. भोंगा मात्र कार्यक्रमात खरंच पूर्ण म्हणायला लागला. मी म्हटलं, सराव केला असेल गाढवाने.

स्टेजसाठी गाण्याची वेगळी प्रत लागते, म्हणून दोन महिन्यांनी मी 'पायपुसणं' परत उघडलं. केराची पट्टी लांबली होती. गाणं जिथे संपतं त्याच्या पुढेही तुकडे, ओळीने, तीनशेच्या वर. मधल्या काळात फाइल मी उघडलेली नव्हती, तिच्यावरची तारीखही जुनीच होती. काहीतरी चुकून दोनदा चिकटलं असणार, असं म्हणून मी ती बंद केली. खोटं कशाला सांगू, ऐकायचा धीर झाला नाही.

त्याच आठवड्यात आई भांडी पुसता पुसता म्हणाली, "तो झोपतो ना, तेव्हा त्याची छाती हलत नाही गं." मी तिच्यावर खेकसले. म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा. मग दुपारी तो आडवा झालेला असताना स्वतः जाऊन बसले. दहा मिनिटं. त्याच्या अंगावरच्या चादरीची एक घडीसुद्धा हलली नाही. हात गरम होते, नाडी चालू होती, आणि हलवल्यावर तो उठून "काय गं ताई?" म्हणून हसला.

डॉक्टरांनी बोटाला मशीन लावलं, आकडा छान आला. मग पाठीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले. कपाटातून दुसरी नळी काढली, तीही लावून पाहिली. शेवटी म्हणाले, पुढच्या आठवड्यात या. औषध काही लिहिलं नाही, फी घ्यायलाही विसरले.

दुसरं गाणं आलं, 'दुसरी चावी', ते पहिल्याच्याही वर गेलं. मग 'वजनकाटा'. अल्बम महिनोन् महिने खपाच्या यादीत सगळ्यात वर बसला. भोंगा खूश होता. म्हणाला, "ताई, मला आता मध्ये थांबावंच लागत नाही. लागतच नाही मला." त्याच्या तोंडावरचा आनंद बघून मला रडू आलं.

त्या दिवशी मी खोलीला आतून कडी लावली, हेडफोन घातले आणि केर ऐकायला घेतला. सुरुवातीचे श्वास ओळखीचे होते, माइकसमोरचे, घाईचे. पुढे ते संथ होत गेले. झोपेतले श्वास. मागे आमच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक. नळाखालच्या बादलीचा आवाज. आणि एका श्वासाच्या मागे, लांबून, आई विचारत होती, जेवायला वाढू का. माझी पाचावर धारण बसली. त्या घरात मी कधी माइक नेलेला नव्हता.

मी कंपनीत धावले. बत्तीस ओळींत श्वास परत घालून देते, नवी प्रत काढा, म्हणून हात जोडले. कंपनीचा माणूस आधी हसला, मग गंभीर होऊन म्हणाला, त्या कडव्यावर तर सगळा डोलारा उभा आहे. लोकांच्या फोनमध्ये गेलेल्या प्रती आता परत कुठून आणणार? ते मात्र खरं होतं. कोट्यवधी ठिकाणी माझा भाऊ एकही श्वास न घेता बोलत होता, आणि तसं मीच केलं होतं.

मोठ्या कार्यक्रमाची तालीम होती, सकाळी दहाला, रिकाम्या मैदानात. मी आवाजाच्या टेबलाशी होते. लॅपटॉपमध्ये केराची पट्टी बरोबर आणली होती. का आणली, विचारू नका.

बत्तीस ओळी संपल्या. भोंगा थांबला नाही.

तेच कडवं परत. मग परत. बीट बंद केला तरी तो बोलत होता. डोळे माझ्याकडे, ओठ निळे. थांब म्हणून मी ओरडले, तर त्याने मान हलवली, जमत नाहीये म्हणून.

मी केराच्या पट्टीचा आवाज चालू केला.

रिकाम्या मैदानात एक श्वास ऐकू आला, खोल आणि मोठा. भोंग्याची छाती वर गेली. दुसरा श्वास. छाती परत वर. तो गुडघ्यावर बसला आणि रडायला लागला.

वाटभर लॅपटॉप त्याच्या कानाशी वाजता ठेवून दुपारपर्यंत आम्ही त्याला घरी आणलं. उशाशी स्पीकर, बाजूला माझा लॅपटॉप. स्पीकर चालू होता तोवर तो श्वास घेत होता. डॉक्टर येऊन बघून गेले, म्हणाले दमलाय, झोपू दे. स्पीकर चालू असताना त्यांना काय दिसणार, कपाळ?

मग माझं लक्ष पडद्याकडे गेलं. जो श्वास वाजत होता, तो पुसला जात होता.

मागे नुसती सपाट रेघ राहत होती. मी पुढच्या तुकड्यांच्या नकला करून पाहिल्या. त्याही सपाट. नवीन काही येत नव्हतं. शेवट दिसत होता. एक तास दहा मिनिटं.

आईला काही सांगायची माझी हिंमत नव्हती. पण ती केव्हापासून माझ्या मागे उभी होती कोण जाणे. बोट पडद्यावर ठेवून तिने विचारलं, "हे संपलं की?"

मी लॅपटॉपचा पडदा अर्धा खाली केला.

"माझे चालतील का?"

मी नाही म्हणाले. तीन वेळा नाही म्हणाले. चाळीस मिनिटं उरली तेव्हा तिने स्वतःच माझी पिशवी उघडून माइक काढला आणि माझ्यापुढे धरला. "तू लाव गं," ती म्हणाली, "मला यातलं कळत नाही."

मी लावला. देवाशपथ, मी माझ्या हाताने लावला. ती खुर्चीवर ताठ बसली, फोटो काढायला बसतात तशी, आणि श्वास घेत राहिली. पट्टी भरत गेली. तिचे पहिले श्वास वाजले तेव्हा भोंगा जरा ठसकला, मग शांत झाला.

थोड्या वेळाने मी माइक काढून घेतला. पट्टी तरीही भरतच राहिली.

ही चार दिवसांपूर्वीची गोष्ट. भोंग्याच्या गालांवर रंग आलाय, पेज पितो, थट्टा करतो. पुढच्या महिन्यात कार्यक्रम करायचाच म्हणतो. आईही ठणठणीत आहे. तिच्या छातीकडे मी अजून बघितलेलं नाही.

आज सकाळी आई बाजारात गेली होती. मी भोंग्याच्या उशाशी बसले होते. एकाएकी स्पीकरमधले श्वास जड झाले. मागे पावलं वाजत होती, आमच्या जिन्यावरची. एका मजल्याशी पावलं थांबली, श्वास मात्र जोरजोरात चालू राहिले. परत पावलं. पिशव्यांची सळसळ. भोंगा झोपेतच घामाघूम झाला.

बेल वाजली. दार उघडलं तर आई, दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या. आत येता येता सांगायला लागली की बटाटे किती महागलेत नि खालच्या मजल्यावरच्या बाईंची सून परत आली नि लाइटवाला उद्या येतो म्हणालाय नि तू अजून आंघोळ केली नाहीस का, सगळं एका सुरात, कुठेही न थांबता, सत्तरीची बाई, तीन जिने चढून.

आतल्या खोलीत भोंगा पडल्या पडल्या धापा टाकत होता.