नथूचा टाक

कोंडाजी पौडला ओताऱ्याकडे गेला. धरणात बुडालेल्या पोराचा, नथूचा टाक हवा होता, पितळेची छोटी मूर्ती, देव्हाऱ्यात बसवायला.

"मढं गावलं का?" ओताऱ्याने विचारलं.

"न्हाई. धरणानं दिलं न्हाई."

"मग मी न्हाई करायचा. त्यो कुटं हाय, कुनी सांगावं?"

"नगं करूस. माझा मी करीन."

दुसरा इलाज नव्हता. सून साळूबाई रोज धरणाच्या काठाला जात होती. नथू हाक मारतो म्हणायची. आदल्या दिवशी कोंडाजीने तिला गळ्याएवढ्या पाण्यातून केस धरून ओढून आणलं होतं. टाक बसला की गेलेला माणूस घरात थारा धरतो, हाका मारत फिरत नाही, असं त्याच्या घरात मानत आले होते.

ओताऱ्याचं काम त्याने पूर्वी उभं राहून पाहिलं होतं. घरी येऊन कोंडाजीने मधाच्या पोळ्याचं मेण घेतलं आणि अंगठ्याएवढा नथू केला. एकट्याचाच, जोडीला कुणी नाही. वर मातीचे लेप दिले, उन्हात वाळवले. मग परसात भट्टी पेटवून तो गोळा तापवला. मेण वितळून भोकातून गळालं. त्याला मधाचा वास यावा... आला शेवाळाचा.

कोंडाजीने तिकडे लक्ष दिलं नाही. मुशीत वितळवलेलं पितळ पोकळीत ओतलं.

साळूबाई दारात येऊन उभी राहिली.

"येकट्याचाच करताय व्हय, मामंजी?"

"घरात बस."

"त्येंना येकट्याला करमत न्हाई..."

ऊन कलल्यावर त्याने गोळा फोडला. आत नथू होता. शेजारी एक बाई होती, डोईवर पदर घेतलेली. हातात हात. असा जोडीचा टाक नवराबायको दोघंही गेल्यावर करतात.

कोंडाजीने तो तसाच मुशीत टाकला आणि भाता ओढायला लागला. वितळला म्हणजे सुटलो. पितळ लाल व्हायला लागलं.

"मामंजी... अंग लई भाजतंय वो..." घरातून आवाज आला.

सोंग असेल म्हणून त्याने आणखी एकदा भाता दाबला. मग ती किंचाळली.

तो आत धावला. साळूबाईच्या खांद्यावर फोड उठले होते. चुलीत तर विस्तवही नव्हता. एक हात तेवढा धड होता. त्याने धरून पाहिला. गार, ओला, बोटं मिटलेली, कुणी धरून ठेवल्यासारखी.

तो भट्टीकडे पळाला. सांडशीने टाक बाहेर काढला. विझवायला पाण्याचं घंगाळ भरून ठेवलं होतं. टाक पाण्यावर धरला आणि तिथंच त्याचा हात थांबला.

आतलं कण्हणं बंद झालं.

"बुडवा की, मामंजी..." ती हळूच म्हणाली. "त्ये बी तेच म्हनत्यात..."

विझवला नाही तर ती जळत होती, बुडवला तर नथूसारखी बुडणार होती. कोंडाजीने सांडशी दोन्ही हातांनी धरली, पाय रोवले. सांडशी जड होत चालली. घंगाळाचा तळ स्वच्छ दिसत होता, आत काही नव्हतं. तरी ओढ खालूनच लागली होती.