अर्ध्या ओळीचा माणूस

उत्तरभूमीच्या वेशीवर माणसाची लायकी मोजून मगच त्याला आत घेत. पूर्वी हा सगळा प्रदेश बर्फाखाली होता. बर्फ वितळलं, गावं वसली, आणि दक्षिणेत समुद्रानं ज्यांची घरं गिळली ते सगळे इकडे निघाले. भानुदासबुवा निजसुरे त्यांतलेच. किनाऱ्यावरच्या मंदिरात त्यांनी हयातभर कीर्तन केलं होतं. पाठीमागे झील धरणारा, म्हणजे ध्रुवपद उचलून धरणारा, गणपा मांडवकर त्यांच्या सोबत आला होता.

वेशीवर ‘गुणदर्शक’ नावाचं यंत्र होतं. डोक्यावर टोपी चढवायची, समोर प्रश्न यायचे. मेंदूतल्या कुठल्या वाटा किती झपाट्यानं उजळतात, हे पाहून हा माणूस देशाच्या किती उपयोगी पडेल ते यंत्र सांगायचं. दोघांची चाचणी वेगवेगळ्या खोल्यांत झाली, आणि मग डॉक्टर मैत्रेयी जोगळेकरांनी बुवांना बोलावून घेतलं.

“बुवा, तुमच्या स्मरणशक्तीला काही झालंय का? तुमचंच पद म्हणायला सांगितलं, तर दर ओळीला अर्ध्यावर थांबलात. यंत्रानं विस्मरण म्हणून गुण कापले.”

बुवांना हसू आवरेना. “अहो बाई, तिथून पुढचं माझं नाहीच! ते गणपाचं. मी ‘दार उघडे ठेविले बा’ म्हणायचं आणि वळून पाहायचं. पुढचं तो उचलतो. कीर्तनात सगळं एकट्यानं म्हणणारा बुवा म्हणजे मेलं, आपल्याच लग्नात आपणच वाजंत्री!”

“म्हणूनच गणपाकाका गप्प बसले होते वाटतं.” मैत्रेयी ओशाळली. “त्यांना शून्य मिळालंय.”

“तो कसा सुरुवात करील? आधी बुवा, मग झील.”

तिनं बुवांचा कागद पुढं ओढला. “तुमचं थांबणं ही रीत आहे, असा शेरा मी मारू शकते. तुम्ही आत याल. काकांना मात्र परतीच्या बोटीत बसावं लागेल.”

बुवांच्या हातातली चिपळी आवाज न करता मिटली. परतीची बोट म्हणजे दक्षिणेतली निर्वासितांची छावणी. तिथली खोकल्याची साथ गणपाच्या छातीला सोसणारी नव्हती.

“मग अर्धी ओळ घेऊन मी इथं काय करू, बाळ?”

“बुवा, हा नियम सरकारनं लादलेला नाही, लोकांनी मागून घेतलाय. आधी वशिलेवाले आत यायचे आणि हुशार माणसं दारात कुजायची. माझे आजोबा याच टोपीखालून आले, कुणाच्या चिठ्ठीनं नाही. म्हणून चारांतले तीन जण अजूनही याच्याच बाजूनं मत देतात. मीसुद्धा.”

“नियम चांगलाच आहे की,” बुवा मनापासून म्हणाले. “देवाच्या दारीही वशिला नको. पण मोजायचंच तर नीट मोजा. टाळाची एकच वाटी हातात घेऊन, वाजत नाही म्हणून फेकून देऊ नका.”

मैत्रेयीनं गणपाला आत बोलावलं. मग तिनं दुसरी खुर्ची आणि दुसरी टोपी मागवली.

गणपा बिचकतच बसला. “बुवा, हे डोक्याला चावत नाही ना?”

“चावलं तर सुरात ओरड,” बुवा म्हणाले, आणि त्यांनी ओळ घेतली, “दार उघडे ठेविले बा…”

“कोण आले, तूच आला!” गणपानं झील उचलली.

पडद्यावर दोन रेघा होत्या. त्या जवळ आल्या, एका लयीत डोलू लागल्या, आणि दोघींच्या मध्ये तिसरी रेघ उमटली. ती कुणा एकाच्या मेंदूतली नव्हती. दोन मेंदू एकमेकांना साथ देतात तेव्हाच ती जागी होते, हे मैत्रेयीनं बुवांना समजावलं. पुढं तिला ‘सहगुण’ हे नाव पडलं. तिची उंची दोघांच्या बेरजेहून कितीतरी जास्त होती.

“म्हणजे देव मधे उभा असतो म्हणा की,” बुवा म्हणाले.

मैत्रेयीनं त्या तीन रेघांचा आलेख छापून घेतला.

गणपाची बोट तिनं अडवून धरली आणि तो आलेख लोकांपुढं मांडला. खूप वाद झाले. “आता काय, शेजाऱ्यालाही बरोबर आणणार?” अशी टिंगलही झाली. पण मतं पडली आणि नियमात एक कलम आलं: गुण पाहूनच आत घ्यावं, मात्र माणसाला त्याच्या जोडीदारासह मोजावं. गुणांवर विश्वास ठेवणाऱ्या लोकांनीच ते उचलून धरलं. दिव्यांनी सजलेल्या वेशीतून गणपा आत आला, तोही बुवांच्या आधी. बुवांनीच त्याला पुढं ढकललं होतं.

पहिल्या कीर्तनाआधी मैत्रेयी यंत्र घेऊन आली. तिनं एक टोपी बुवांच्या आणि दुसरी स्वतःच्या डोक्यावर चढवली. पडद्यावर तिसरी रेघ कोरी, सपाट.

“आजोबा एकटेच आत आले होते,” ती हळूच म्हणाली. “त्यांचा धाकटा भाऊ नापास झाला. दोघं मिळून यंत्रं बनवायचे म्हणे. इथं आल्यावर आजोबांनी पुन्हा काही बनवलं नाही. बुवा, ज्यांना आम्ही परत पाठवलं, त्यांच्याबरोबर आमचं किती गेलं असेल? हा अख्खा देशच अर्ध्या ओळीवर थांबलाय का?”

“त्यांना शोधायचं, बाळ. दार तर उघडलंय.”

बुवा उभे राहिले. चिपळी वाजली. “दार उघडे ठेविले बा…” म्हणून त्यांनी सवयीनं मागं वळून पाहिलं.

गणपानं ओठ मिटून घेतले होते. जन्मात पहिल्यांदाच त्यानं आपली अर्धी ओळ सोडून दिली होती, आणि तो मैत्रेयीकडे पाहत होता.

“कोण आले…” तिनं झील उचलली. आवाज बेसूर, कापरा. पडद्यावरची कोरी रेघ किंचित हलली.