दुखतं का, म्हणून विचारणारी

त्या दिवशी सकाळपासून धुई पडली होती. तुरीला हात लावला की मनगटापस्तोर ओलं, अन् दुपार झाली तरी सूर्य दिसला न्हाई. दोन सालामागचा पुसाचा महिना, बुधवार. आमच्या गोरेगावचा सोनाजी भाकरीचा डबा घेऊन जीपनं हिंगोलीला निघाला. त्याच्या बायकोचं, लखमाचं, सकाळीच गर्भाच्या पिशवीचं ऑपरेशन झालं होतं. सोनाजीचा थोरला भाऊ किशनराव तिथंच थांबलेला. हे सगळं सोनाजीनंच मला सांगितलं, लेकरांनो. मी पदरचं काही घालून राहिलो न्हाई.

दवाखान्यात खोली एकच, मधी पडदा. पलीकडं बाबूसिंग, हर्नियाचा. त्याच डॉक्टरनं, त्याच सकाळी कापलेला. म्हशीगत हंबरून राहिला होता.

"बाबूसिंग, व्यालास का काय रे?" किशनराव अलीकडून म्हणला.

संध्याकाळी डॉक्टर आले. बाबूसिंगच्या कागदावर लगोलग इंजेक्शन लिहिलं. मग पडद्याअलीकडं आले.

"बाई, दुखतं का?"

भासऱ्यापुढं, थोरल्या दिरापुढं, भावजय बोलत न्हाई. लखमानं पदर तोंडावर घेतला. किशनरावच बोलला, "न्हाई साहेब. आमच्या बाया सोसतात. हिची तीन लेकरं घरीच झाली."

डॉक्टर हसले. एक गोळी लिहिली अन् गेले. थोरल्याचा शब्द मोडायची सोनाजीची छाती झाली न्हाई. किशनराव शेवटच्या जीपनं गावी गेला.

रात्री पावणेदोनला सोनाजीला जाग आली. खाट हलून राहिली होती. लखमानं आपला तांबडा पदर दातात धरलेला. डोळ्यांचं पाणी कानात जाऊन राहिलं होतं.

"लई दुखून राहिलं का?"

तिनं पदर आणखी घट्ट चावला.

तो सिस्टरकडं गेला. "इंजेक्शन द्या की बाई तिला."

"कागदावर न्हाई दादा. संध्याकाळी काहून न्हाई सांगितलं? डॉक्टरला तीनदा फोन लावला मी. उचलून न्हाई राहिले."

"बाबूसिंगला तर…"

"त्याचं लिहिलेलं हाय."

सोनाजी तिथंच उभा राहिला. बाबूसिंगचं घोरणं ऐकू येत होतं. काय करावं… कुणाला म्हणावं…

परत फिरला. दारात थांबला.

लखमाच्या उशाशी एक म्हातारी बसलेली. पाठमोरी. हिरवं लुगडं, गुडघ्यापस्तोरच. कड सगळी कुरतडल्यागत.

"दुखतं का गं?" म्हातारी म्हणली.

"व्हय," लखमा म्हणली.

"लई?"

"लई…"

म्हातारी वाकली. सोनाजीचं पाऊल उचलेना. कापड फाटलं. एकदाच. टर्रकन…

मग काही न्हाई. उशाशी कुणी न्हाई. दार एकच, अन् दारात तर हाच उभा.

दुखणं काही थांबलं न्हाई. उजाडेपस्तोर लखमा दात आवळून पडली होती, अन् हा तिचे पाय धरून बसला. त्याच्याजवळ दुसरं होतं काय?

सकाळच्या पहिल्या जीपनं शेजारची जनकाबाई आली. लखमाचं तोंड पुसायला गेली, तर दातात हिरव्या लुगड्याची चिंधी. ओली. दाताचे वण उमटलेली. लखमाचं पातळ तर तांबडं.

जनकाबाई बी ऑपरेशन होऊन याच खोलीत पडली होती, आठ सालामागं. चिंधी तिनं मुठीत धरली. मग हळूच सोनाजीला म्हणली, "माझ्या वक्ताला बी आली होती ती, भाऊ. तवा तिचं लुगडं घोट्यापस्तोर होतं."