बारापैकी अकरा कागद

"माझा एकच कागद चोरीला गेलाय," आलेल्या बाई म्हणाल्या, "पण त्या एका कागदापायी अख्खं घर जाणार आहे."

वहिनींनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समोर बसल्या. चोवीस वर्षं त्यांनी विमा कंपनीत खरे-खोटे दावे पारखले होते. निवृत्त झाल्यावर, ज्या परक्या शहरात आयुष्य गेलं तिथंच, अडलेल्या माणसांच्या भानगडी सोडवायचं काम त्यांनी घेतलं होतं. सोबतीला धाकटे दीर. ते बस चालवून निवृत्त झालेले. वहिनी त्यांना भावजी म्हणायच्या, म्हणून येणारे-जाणारेही भावजीच म्हणायचे.

बाई तीस वर्षं रुग्णालयात नर्स होत्या. "सगळे सिस्टर म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा," त्या म्हणाल्या. "मला एक भाऊ आहे. त्याला बोलता येत नाही, एकटं राहता येत नाही. माझ्यामागं त्याला महिन्याच्या महिन्याला काहीतरी यायला हवं. आपल्याकडे माझ्या पुंजीत न्हाणीघरसुद्धा येत नाही. मैत्रीण म्हणाली, या देशात लहान घरं स्वस्त आहेत, विकत घे आणि भाड्यानं दे."

"आणि घर मिळालं?"

"मिळालं. दोन खोल्या, तिसरा मजला, आत भाडेकरू. दलाल म्हणाला, सही केल्या दिवसापासून भाडं सुरू. पण परदेशी माणसाला घर घ्यायचं तर इथे नगरपालिकेचा परवाना लागतो. उद्या अकराला वकिलाकडे सह्या आहेत आणि काल संध्याकाळी नेमका परवानाच गेला."

"दुसरा मिळत नाही?"

"आठ दिवसांत मिळतो. पण दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे म्हणे."

"आणखी काय गेलं?"

"काही नाही. पासपोर्ट, पैसे, सगळं जागच्या जागी. बारा कागद होते, अकरा राहिले."

भावजी पुढे सरकले. "चोराला बरं एवढंच पान हवं होतं."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. "भावजी, तुम्ही आत्ता फार कामाचं बोललात."

का, ते भावजींना कळलं नाही.

"घर पाहिलंत तेव्हाचं सांगा," वहिनी म्हणाल्या. "जे आठवेल ते."

"भाडेकरू बाई फार गोड होती. चहा केला. बिचारी इतकी गडबडली, की कप सापडेनात. तीन कपाटं उघडली. नळाला आधी लाल पाणी आलं, मग पांढरं. हिचा संसार साधाच, भिंतीवर चार महिन्यांपूर्वीचं कॅलेंडर. मला वाटलं, चला, आपल्यासारखीच कामात बुडालेली दिसते."

"कागद कुणी समजावून दिले?"

"दुभाषीबाईंनी. दलालानंच आणून दिल्या. सगळे वाचून दाखवले. एक पान तर गच्च भरलेलं होतं, त्या म्हणाल्या, जिना झाडायचे नियम आहेत."

"पानभर?"

"इमारत मोठी आहे," सिस्टर म्हणाल्या.

---

सिस्टर राहत होत्या ते घर जुनं, दोन मजली होतं. खाली मालकीणबाई आणि त्यांचे म्हातारे वडील. वर चार खोल्या, पाहुण्यांना भाड्यानं दिलेल्या. दारातून आत शिरलं की उजवीकडे जिना. स्वयंपाकघर पार मागे, अंगणाच्या बाजूला.

सिस्टरांनी खोलीत फाईल उघडून दाखवली. "काल तीन वाजता दुभाषीबाई आल्या. पावणेचारला गेल्या. मग मी कागद मोजले. बाराच्या बारा."

"मोजलेत?"

"गोळ्या मोजायची सवय. तेवढ्यात खालून हाका आल्या. मालकीणबाईंना घेरी आली होती. धावत गेले. नाडी पाहिली, घड्याळासारखी चालू. गालही लाल. तरी पडून राहा म्हटलं. त्यांच्या वडिलांना खुणेनं सांगितलं, साखरेचं पाणी आणा. ते आले वीस मिनिटांनी."

"वीस मिनिटं?" भावजी म्हणाले.

"काठी टेकत चालतात हो. टाचेला मोठी जखम होती, कुणाला दाखवत नव्हते. तीन आठवडे मी रोज धुऊन पट्टी बांधतेय. आता भरत आली. परवा तर काठी विसरून उठले."

"आणि परवाना गेल्याचं कधी कळलं?"

"पाचला दलाल मूळ कागद पडताळायला आला तेव्हा. मी कागद तारखेप्रमाणे लावते. पाहते तर सगळे मागेपुढे झालेले."

वहिनींनी ते अकरा कागद हातात घेतले. प्रत्येकाच्या वरच्या कोपऱ्यात बारीक शिक्का आणि आकडा होता. कागद त्या आकड्यांच्या क्रमानं लागले होते. चारही कडा अशा जुळवलेल्या, जणू सुरीनं कापल्या होत्या.

"हे आकडे कसले?"

"ते का? मला वाटलं, छपाईवाल्याचे असतील," सिस्टर म्हणाल्या.

खाली दिवाणखान्यात म्हातारबाबा पेपर वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी पानं टेबलावर उभी ठोकली, एका बाजूनं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. पेपर घडी करून बाजूला ठेवला. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर त्यांचाच एक जुना फोटो होता. हातात पुष्पगुच्छ, चेहऱ्यावर संकोच आणि मागे छतापर्यंत जाडजूड बांधीव वह्या.

मालकीणबाईंशी वहिनी त्यांच्या भाषेत बोलल्या.

"घेरी आली होती म्हणे."

"हो. आता बरं आहे." त्यांनी ॲप्रनची कड चुरगाळली. "दलालसाहेबांना असं वाटू देऊ नका हं, की माझ्या घरात चोरी झाली. माझे सगळे पाहुणे तेच पाठवतात. त्यांनी हात काढला तर चारही खोल्या रिकाम्या."

"बाबांना सिस्टर आवडतात?"

मालकीणबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "ते कुणाला पायाला हात लावू देत नव्हते. डॉक्टरलासुद्धा नाही."

सिस्टरना कशावर बोलणं चाललंय तेवढं कळलं. "बाबांशी माझं छान जमतं," त्या वहिनींना म्हणाल्या. "भाषा नाही, पण चालतं. काल न्याहारीला मी त्यांना घराचा फोटो दाखवला. दारावरचा नंबरसुद्धा दिसतो त्यात. तर खायचेच थांबले. फोटोवर बोट ठेवून मान हलवत राहिले. मी समजले, आणखी चहा नको असेल."

दुपारी दुभाषीबाई भेटल्या. नीटनेटक्या, घाईत.

"कागद मी नेला नाही. निघाले तेव्हा सगळे होते."

"पण तुम्ही चारच्या सुमाराला परत आला होतात," भावजी म्हणाले. हे त्यांनी शेजारच्या दुकानदाराकडून काढलं होतं आणि सकाळपासून सांगायला टपले होते.

"छत्री राहिली होती. खालच्या खुंटीवरून घेतली आणि गेले. जिन्यापाशी म्हातारे होते, त्यांना विचारा. मला पाहून पायरीवर बसले. दमले असतील."

"कागद वाचून दाखवायचे पैसे कोण देतं?"

"दलाल," त्या म्हणाल्या आणि घड्याळ पाहिलं.

दलाल मात्र हसतमुख होता. "अहो, मीच हवालदिल झालोय. उद्या मूळ परवाना नसला तरी चालेल, माझ्याकडच्या आधीच्या झेरॉक्सवर सह्या करू, मी वकिलाला पटवतो. काहीही करून उद्याच उरकू."

"दुसरं गिऱ्हाईक आहे ना? ते जास्त देईल."

त्यानं टाय सारखा केला. "बाईंना शब्द दिलाय. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

बाहेर आल्यावर भावजी म्हणाले, "सरळ आहे वहिनी. दुभाषीण परत आली, वर गेली, कागद उचलला. दलालाला जास्त देणारं गिऱ्हाईक मिळालंय, त्यानंच तिला पाठवलं."

"मग तो झेरॉक्सवर सह्या करायला का तयार आहे?"

भावजींनी कपाळाला आठ्या घातल्या. बस वळणावर अडकल्यावर त्यांचा चेहरा असाच होत असावा.

"मला नोंदणी कचेरीत एकच प्रश्न विचारायचाय," वहिनी म्हणाल्या. "तासाभरात येते."

---

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता सगळे त्या दिवाणखान्यात जमले होते. दलाल मुहूर्ताचे कपडे घालून आला होता.

"परवाना मिळेल," वहिनी म्हणाल्या. "त्याआधी एक शंका." त्यांनी ते गच्च भरलेलं पान दुभाषीबाईंपुढे ठेवलं. "हे जिना झाडायचे नियम पुन्हा वाचता? सावकाश, शब्दाला शब्द."

दुभाषीबाईंनी पान हातात घेतलं, दलालाकडे पाहिलं आणि खाली ठेवलं.

"मी वाचते. या इमारतीतल्या घरात मालकानं स्वतः राहायचं किंवा त्याच्या रक्ताच्या नातेवाइकानं. घर भाड्यानं देता येणार नाही. एकोणीस वर्षांपूर्वीचा ठराव आहे. काल कचेरीत खात्री केली, अजून लागू आहे. म्हणून घर स्वस्त. ज्याला भाडं हवंय, त्याला या घराचा काडीचा उपयोग नाही."

"पण भाडेकरू आहे की आत," सिस्टर म्हणाल्या.

"स्वतःच्या स्वयंपाकघरात कप शोधायला कुणी तीन कपाटं उघडतं का? रोज वापरातल्या नळाला आधी गंजाचं पाणी येतं? तिथं चार महिने कुणी राहत नाही. ती बाई चहापुरती आणून बसवलेली होती."

दलाल उठला. गैरसमज, भाषेतला घोळ, असं काहीबाही बोलला.

"वकिलाला मी फोन केलाय," वहिनी म्हणाल्या. "आणि हे पान, तुमचं नाव आणि बाईंचा जबाब दलालांच्या संघटनेकडे आज दुपारी जाईल. या तुम्ही."

तो गेला. त्याच्यामागून दुभाषीबाई गेल्या.

वहिनींनी दार लावून घेतलं. "आता चोर. त्या दोघांसमोर हे मला बोलायचं नव्हतं."

मालकीणबाई उभ्या होत्या, त्या खुर्चीचा आधार घेऊन बसल्या.

"भावजींनी कालच म्हटलं, चोराला एवढंच पान हवं होतं. पैसे नकोत, पासपोर्ट नको. जे पान नसलं की सही अडते, पण आठ दिवसांत पुन्हा मिळतं, तेवढंच. म्हणजे त्याला सिस्टरना लुटायचं नव्हतं. थांबवायचं होतं. दलालाला तर आजच उरकायचं होतं आणि दुभाषीबाई त्याच्या मिठाला जागत होत्या. दोघंही सुटले.

"आता कागदांचा क्रम. ज्यानं परवाना शोधला, त्यानं बाकीचे कागद कोपऱ्यातल्या आकड्यांप्रमाणे लावून ठेवले. हे आकडे नोंदणी कचेरीचे. ठरवून नाही लावले, हातालाच तसं वळण होतं. कडाही जुळवल्या. त्या फोटोतल्या वह्या पाहा. बाबा त्या कचेरीत कारकून होते, पेपरसुद्धा तसाच ठोकून घडी घालतात. परवा फोटोतला नंबर पाहिला आणि त्यांना तो ठराव आठवला. त्यांनीच तो वहीत चढवला होता. ते मान हलवून नको, नको म्हणत होते, आणि आमच्या सिस्टरना वाटलं, चहा नको."

सिस्टरनी हात तोंडावर ठेवला.

"सांगणार कसं? भाषा येत नाही आणि दुभाषी दलालाची. उघड बोलावं तर लेकीच्या चारही खोल्या रिकाम्या. मग लेकीनं घेरीचं सोंग घेतलं. नर्सला फसवणं अवघड, नाडी खोटं बोलत नाही. बाबा साखरेचं पाणी आणायला निघाले. स्वयंपाकघर मागे आहे आणि दुभाषीबाईंना ते दिसले जिन्यापाशी."

"पण वहिनी," भावजी म्हणाले, "काठीवरचा माणूस जिना कसा चढेल?"

"म्हणून तर कुणाला शंका आली नाही. सावकाश चालणाऱ्याला उशीर झाला तर कोण विचारतं? महिन्यापूर्वी ते चढूच शकले नसते. तीन आठवडे त्यांची टाच कुणी धुतली, ते तुम्हाला माहीत आहे."

म्हातारबाबा उठले, कपाटातून जाड पुठ्ठ्याची वही काढली आणि तिच्यात ठेवलेला परवाना सिस्टरपुढे ठेवला. एकही घडी पडली नव्हती. मग ते वहिनींकडे वळून चार वाक्यं बोलले.

"ते म्हणतात, चाळीस वर्षांच्या नोकरीत एक कागद इकडचा तिकडे केला नाही. हा पहिलाच. पोलिसांना सांगायचं असेल तर सांगा."

सिस्टर उठल्या. त्यांनी वाकून बाबांच्या पायांना हात लावला. बाबांना हा प्रकार ठाऊक नव्हता. पट्टी बघायची असेल असं समजून त्यांनी पाय पुढे केला. सिस्टरना हसू आलं, मग रडू आलं आणि मालकीणबाई त्यांना घट्ट धरून उभ्या राहिल्या.

"त्यांना सांगा," सिस्टर डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्या भावाचं आयुष्य वाचवलंत. आणि त्या चारही खोल्यांची काळजी करू नका म्हणावं. माझ्या मैत्रिणींपैकी निम्म्या जणी इकडे येतील, मीच पाठवीन."

---

महिन्याभरात दुसरं घर मिळालं. एकच खोली, पण रेल्वे स्टेशनपासून जवळ. भाडेकरू बेकरीत काम करणारी बाई. तिनं दार उघडल्या उघडल्या सांगितलं, की खिडकी नीट लागत नाही, आणि ती दुरुस्त करून मिळणार असेल तरच पुढं राहीन. सिस्टरना ती फार आवडली.

सह्यांच्या दिवशी वहिनी दुभाषी म्हणून गेल्या होत्या, भावजी गाडी घेऊन. म्हातारबाबा इस्त्रीचा कोट घालून आले होते. वकिलानं कागद पुढे सरकवले तेव्हा त्यांनी ते स्वतःकडे ओढले आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. वहिनी प्रत्येक वाक्य मराठीत सांगत होत्या.

वकिलानं घड्याळ पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. बाबांनी वर न बघता पान उलटलं.

"घाई आहे का?" वकिलानं वहिनींमार्फत सिस्टरना विचारलं.

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "त्यांना वाचू द्या."

वाचून व्हायला दीड तास लागला. मग बाबांनी पेनचं टोपण काढलं आणि पेन सिस्टरच्या हातात दिलं.