सोल्यूशनचं टेबल

“साहेबांना तुम्हीच सांगितलंत ना, आई?”

सुनेनं डब्याचं झाकण असं आपटलं, की सासूबाईंच्या काळजात धस्स झालं! खोटं बोलायची सवय नव्हती, आणि खरं बोलायला धीर होत नव्हता...

“हो गं. मीच सांगितलं.”

“वैरीणसुद्धा असं करत नाही! पुढच्या महिन्यात कायम होणार होते मी. तोवर लपवलं असतं, तर कुणाचं काय बिघडलं असतं?”

कुणाचं काय बिघडलं असतं! दोघी एकाच बुटांच्या कारखान्यात होत्या. सोल चिकटवायच्या टेबलावर दिवसभर सोल्यूशनचा उग्र वास. नवी बाई पहिल्या दिवशी हमखास ओकायची. दिवस गेलेल्या बाईला तिथे बसवायचं नाही, असा कागद भिंतीवर होता खरा, पण टेबल सुटलं की कायम होणाऱ्यांच्या यादीतून नाव गेलंच म्हणून समजा. म्हणून बायका पोट आवळून बांधायच्या आणि तोंडातून ब्र काढायच्या नाहीत. परवा कपडे बदलायच्या खोलीत सुनेच्या पोटावरचा तो पट्टा पाहिला, आणि सासूबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. तीस वर्षांपूर्वी त्यांनीही असाच पट्टा बांधला होता...

“टेबल रिकामं राहणार नाही,” साहेब म्हणाले होते. “बदली बाई द्या, तर तिला पॅकिंगला पाठवतो. नाहीतर घरी बसू दे.”

“मी बसते,” सासूबाई म्हणाल्या होत्या. छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांना त्या वासापासून लांब राहायला बजावलं होतं, म्हणून तर त्या कारखान्याच्या माडीवर बुटांच्या नाड्या ओवत होत्या! पण हे त्या सुनेला बोलल्या नाहीत. पोरगी आपल्याला शिव्याशाप देईना का, पण तिचं बाळ वाचू दे, एवढंच त्या माउलीचं मागणं होतं.

तिसऱ्या दिवशी सासूबाई डबा घरीच विसरल्या. राग होता तरी सुनेला राहवेना. जेवणाच्या सुट्टीआधीच ती पॅकिंगमधून उठून डबा घेऊन माडीवर गेली.

“इथे कुठे शोधतेस?” तिथली बाई म्हणाली. “त्या तुझ्या टेबलावर बसतात की!”

ती धावतच खाली आली. टेबलाशी सासूबाई वाकून खोकत होत्या, डोळे लाल, श्वास पुरत नव्हता...

“आई!”

“आत येऊ नकोस! तुला माझी शपथ आहे, दारातच थांब!”

“का केलंत असं? तुमची छाती...”

“माझं काय घेऊन बसलीस! मी याच टेबलावर पाचवा महिना लपवला होता गं. कशानं गेली ते कुणीच सांगितलं नाही... मुलगी होती. रडलीसुद्धा नाही.”

सून दाराला धरून हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून तिनं बाकीच्या बायकांना कळू नये म्हणून अजूनही बांधलेला पोटावरचा पट्टा सोडला आणि पलीकडे उभ्या साहेबांना ती ओरडून म्हणाली, “साहेब! मला पाचवा चालू आहे, आता लपवाछपवी नको, वहीत लिहून घ्या! आणि वास ओढणारा पंखा महिनाभर बंद आहे. तो सुरू होईपर्यंत माझी आई इथे बसणार नाही. ठेवायचं तर ठेवा, नाहीतर काढा!”

मग कोपऱ्यातली एक हळूच उठली. “माझा चौथा, साहेब.”

“आणि माझा तिसरा!”

सात जणींच्या त्या टेबलावरून एकेक करत सगळ्याच उठल्या.

बाहेरच्या नळावर सासूबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले, वास घेतला, पुन्हा धुतले.

“हात लावा ना, आई.”

“वास गेला नाही गं अजून...”

सुनेनं तो ओला हात ओढून पोटावर ठेवला. “आई, मला फार भीती वाटतेय... कालपासून ते हललंच नाही. रागाच्या भरात तुम्हालाही सांगितलं नाही.”

सासूबाईंनी तळहात तसाच दाबून धरला. दोघी श्वास रोखून उभ्या राहिल्या. नळ तसाच वाहत होता, आणि तो बंद करायचं कुणालाच सुचलं नाही...

“आई! हललं!”

पण सासूबाईंच्या तळहाताला ते आधीच कळलं होतं. त्या मटकन खाली बसल्या आणि तीस वर्षांचं सगळं रडू एकदाच रडल्या.